जाड अक्षरं गुदमरत का नाहीत?

संगणकावर 'महाराष्ट्र' असं टाइप करा, अक्षर मोठं करा आणि ठळक करायचं बटण दाबा. इंग्रजी मजकुरावर हे बटण बिनबोभाट चालतं. मराठीत 'म' आणि 'हा' कसेबसे निभावून नेतात, 'ष्ट्र'पाशी मात्र गाडं अडतं. 'ष'च्या पोटातली तिरकी रेघ गडप होते, 'ट'ची वाटी भरते आणि तिच्या खाली लटकणारा 'र' तिथेच चिकटून बसतो. उरतो तो शाईचा डाग. वाचणारा अंदाजाने वाचून घेतो, कारण राज्याचं नाव त्याला पाठ असतं. तिथे 'धृतराष्ट्र' किंवा 'उष्ट्रासन' असतं, तर क्षणभर थबकला असता.

आता नाक्यावरच्या फ्लेक्सकडे पाहा. एका फ्लेक्सवरचं नाव असंच गुदमरलेलं असतं. शेजारच्या फ्लेक्सवर त्याहून दुप्पट जाड, गुबगुबीत, कोपरे नसलेली अक्षरं असतात आणि तरी धावत्या रिक्षातून सगळं नीट वाचता येतं. शाई दुसऱ्यात जास्त, घुसमट पहिल्यात. याचा उलगडा करायचा तर अक्षराच्या काळ्या भागावरून नजर काढून त्याच्या आतल्या पांढऱ्या जागेकडे न्यावी लागते.

बटण दाबल्यावर काय होतं

चांगल्या फॉन्टमध्ये साधं आणि ठळक अशी दोन वळणं वेगवेगळी रेखाटलेली असतात. बटण दाबलं की संगणक दुसरा संच उचलतो. पण एखाद्या फॉन्टला ठळक भाऊ नसेल, तर संगणक स्वतःच जुगाड करतो. अक्षराच्या कडा सगळीकडून सारख्याच फुगवतो, किंवा तेच अक्षर किंचित सरकवून पुन्हा स्वतःवरच छापतो. देवनागरीत ठळक वळण नसलेले फॉन्ट अजूनही भरपूर वापरात आहेत, म्हणून हा जुगाड आपल्या वाट्याला जरा जास्त येतो.

कडा सारख्या फुगवण्यात गोम काय, ते चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीवरून समजेल. भिंती जाड करायच्या ठरवल्या आणि जाडी आतल्या बाजूने वाढवत नेली, तर घर भक्कम होईल, पण माणसाला पाय पसरायला जागा राहणार नाही. अक्षराच्या आतली मोकळी जागा म्हणजे ती खोली. 'व'ची, 'ठ'ची, 'ध'ची ओळख त्या जागेच्या आकारावर बरीच अवलंबून असते. टंकरेखाटन करणारे तिला पोकळी म्हणोत की पोट, ती संपली की अक्षर संपलं.

रोमन लिपीतल्या 'ओ'मध्ये अशी एक ऐसपैस खोली असते. आपल्या 'क्ष', 'ज्ञ', 'छ', 'ह्म' यांत तेवढ्याच उंचीत दोन-तीन खोल्या असतात.

उंचीचं अंदाजपत्रक

देवनागरी अक्षर शिरोरेघेला टांगलेलं असतं. रेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, रकार. 'ऊर्ध्वं' हा शब्द सावकाश पाहा: शेवटच्या एका अक्षरात रेघेवर रफार आणि अनुस्वार, रेघेखाली अर्धा 'ध', मग 'व'. रोमन लिपीत एवढी दाटी जवळपास कुठे होत नाही. व्हिएतनामी भाषा रोमन अक्षरांवर चिन्हांचे दोन थर चढवते, तिथे थोडीफार अशी अडचण येते.

पातळ वळणात हे सगळं खपून जातं. रेघ जाड केली की प्रत्येक थराची जाडी वाढते, ओळीची उंची मात्र तेवढीच राहते. उभ्या दिशेने वाढायला वावच नसतो. मग टंकरेखाटनकारापुढे दोनच वाटा राहतात: अक्षर आडवं पसरवायचं, किंवा थर कमी करायचे. जाड देवनागरी फॉन्टमध्ये बहुधा दोन्ही केलेलं आढळतं. 'द्ध'सारखं एकाखाली एक बसणारं जोडाक्षर उंची खातं, म्हणून जिथे वाचकाला खटकणार नाही तिथे अर्धं अक्षर शेजारी ठेवून काम भागवतात. पसरवण्याची किंमत वेगळी. अक्षर रुंद झालं की पहिल्या वेलांटीची कमान लांबते, कारण ती पुढच्या अक्षराच्या दांड्यापर्यंत पोचायला हवी. 'ति'साठी पुरणारी कमान 'ष्टि'ला आखूड पडते. म्हणून नीट केलेल्या फॉन्टमध्ये एकाच वेलांटीची वेगवेगळ्या रुंदीची रूपं असतात. युनिकोडने देवनागरीला १२८ घरं दिली आहेत. फॉन्टला लागणाऱ्या आकृत्या त्याच्या कितीतरी पट, शेकड्यांनी असतात आणि ठळक वळणात त्या सगळ्यांची दाटी पुन्हा एकेक करून सोडवावी लागते.

मुंबईचा 'बालू'

या खटपटीचं माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण आपल्या हाताशीच आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेला 'बालू' हा फॉन्ट तुम्ही पाहिला आहे, नाव माहीत नसलं तरी. सारंग कुलकर्णी, गिरीश दळवी आणि नूपुर दात्ये यांनी सुरू केलेली ही संस्था भारतीय लिप्यांच्या टंकरेखाटनात काम करते. २०१६च्या सुमारास 'बालू' गूगलच्या फॉन्ट-संग्रहात सर्वांना मोफत मिळू लागला. नाव किपलिंगच्या 'जंगल बुक'मधल्या अस्वलावरून. अंगाने जाड, स्वभावाने गमत्या.

सुरुवातीला त्याला एकच वजन होतं, भलं जाड. टंकाच्या दुनियेत 'वजन' म्हणजे रेघेची जाडी. पुढे आलेल्या 'बालू २'मध्ये साध्यापासून अतिठळकापर्यंत पाच वजनं आहेत. शिवाय त्याची एक बदलती आवृत्ती निघाली. तिच्यात ४०० ते ८०० या आकड्यांमधलं कोणतंही वजन निवडता येतं, म्हणजे आकडा हळूहळू वाढवत नेला की अक्षर डोळ्यांदेखत जाड होताना दिसतं. हे एकदा करून पाहाच. 'ष' अक्षर घ्या. जाडी वाढताना अक्षर बाहेर पसरतं आणि आतली पोकळी आक्रसते, पण बुजत नाही.

┌──────────────────────────┐
चौकट: बालूचा गोतावळा

देवनागरी – बालू
गुजराती – बालू भाई
गुरुमुखी – बालू पाजी
बांगला – बालू दा
ओडिया – बालू भाईना
तमिळ – बालू तंबी
तेलुगू – बालू तम्मुडू
कन्नड – बालू तम्मा
मल्याळम – बालू चेट्टन

या नऊ भारतीय लिप्या. प्रत्येक फॉन्टमध्ये त्या-त्या लिपीबरोबर रोमन अक्षरंही आहेत, अगदी व्हिएतनामीसाठी लागणाऱ्या चिन्हांसकट. उर्दूसाठी 'बालू भाईजान' आहे. ('दा' बंगाल्यांनी आणि 'भाई' गुजरात्यांनी नेल्यामुळे आपला बालू नुसताच बालू राहिला, एवढी तक्रार नोंदवून ठेवतो.)
└──────────────────────────┘

डोळ्याला फसवायचं शास्त्र

जाड अक्षर पट्टी-कंपासने काढलं तर ते बेढब दिसतं. कारण डोळा पट्टी लावून मोजत नाही. एक आडवी आणि एक उभी रेघ अगदी सारख्या जाडीची काढली, तर आडवी जास्त जाड वाटते. म्हणून शिरोरेघ दांड्यापेक्षा थोडी बारीक ठेवतात. एकसारख्या जाडीचं म्हणून जे अक्षर आपण नावाजतो, ते मोजलं तर एकसारखं निघत नाही.

गोल आकाराचं दुसरंच काहीतरी. 'ठ'चा गोल तळ 'प'च्या दांड्याच्या तळाशी काटेकोर जुळवला, तर 'ठ' वर उचलल्यासारखा वाटतो. गोलाचा फक्त एक बिंदूच त्या पातळीला टेकतो, बाकी सगळा गोल वर वळलेला. म्हणून तो तळ किंचित खाली उतरवतात, इतका की कुणाच्या लक्षात येऊ नये.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे सांधे. 'क' घ्या. मधोमध दांडा, डावीकडून गोल पोट येऊन त्याला भिडतं आणि उजवीकडे हात निघतो. पातळ 'क'मध्ये या भेटीचं काही वाटत नाही. जाड 'क'मध्ये तीन लठ्ठ रेघा एकाच ठिकाणी येतात आणि तिथे काळा गोळा जमतो. लांबून पाहिलं की नजर आधी तिथेच जाते. इलाज असा: पोटाची रेघ दांड्याकडे येता येता बारीक करायची. बाहेरून गुबगुबीत, सांध्याशी निमुळती. तुमच्या फोनवर बालूतला 'क' पडदाभर मोठा करून पाहिलात, तर रेघ कुठून आकसायला लागते ते सापडेल. ठळक अक्षरात जाडीची उधळण कुठे करायची, याहून ती कुठे आवरायची हे ठरवण्यात जास्त वेळ जातो.

रोमन अक्षरांत याच सांध्यांचं आणखी एक प्रकरण आहे. छोट्या 'एन'मध्ये उभा दांडा कमानीच्या थोडा वर डोकावतो, छोट्या 'यू'मध्ये उजव्या बाजूला खाली उतरतो. या बारीक खुंट्या बालूने काढून टाकल्या आहेत. दांडा थेट कमानीत वळतो. त्यामुळे अक्षर एका दमात काढल्यासारखं वाटतं आणि सांध्यापाशी जमणारी शाईही आपसूक कमी होते.

कोपरे घासण्याचा हिशेब

अक्षरांची टोकं गोल करणं ही काही आजची टूम नाही. अनेकदा ते हत्यारामुळे घडलं. दारावरची प्लास्टिकची किंवा पितळेची पाटी यंत्राने कोरतात, तेव्हा गरगर फिरणारं पातं रेघेच्या शेवटी गोल टोकच सोडतं. निऑनच्या काचनळीला कोपरा देता येत नाही. उलट, बोरूचं टोक तिरकं छाटलेलं. त्यातून रेघ एका दिशेला जाड, दुसऱ्या दिशेला बारीक उतरते आणि टोकं कापल्यासारखी राहतात. देवनागरीचा बोरू रोमन लेखणीच्या उलट बाजूने छाटतात, म्हणून दोन्ही लिप्यांत जाड-बारीक रेघांच्या दिशा उलट पडतात. निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांपासून आपल्या छापील अक्षरांवर बोरूची छाप आहे. बालूसारख्या फॉन्टने ती छाप मुद्दाम पुसून टाकली, म्हणून त्यात मराठी आणि इंग्रजी अक्षरं शेजारी शेजारी नांदतात.

नुसतं गोल करून मात्र भागत नाही. रेघेचं चौकोनी टोक काढून तिथे अर्धवर्तुळ बसवलं, तर टोकाच्या तेवढ्या तुकड्यातली सुमारे २१ टक्के शाई जाते. रेघ दुप्पट जाड असेल तर जाणारी शाई चौपट. पातळ रेघेचा कोपरा घासला तर कुणाला पत्ता लागत नाही, पण लठ्ठ रेघ तेवढ्यानेच आखूड दिसू लागते आणि तिचं सॉसेज होतं. म्हणून जाड वळणात टोक थोडं लांबवावं लागतं, किंवा पूर्ण अर्धवर्तुळ टाळून फक्त कोपरे मऊ करावे लागतात. बालूत दुसरा मार्ग दिसतो. टोक सपाटच, कोपरे तेवढे घासलेले. त्यामुळे तो गोड दिसतो, लिबलिबीत दिसत नाही.

गोल अक्षर गोड का वाटतं, यावर मानसशास्त्रज्ञांनी थेट नसलं तरी जवळचं काम केलं आहे. व्होल्फगांग कोहलर यांनी १९२९ साली दोन निरर्थक शब्द आणि दोन आकृत्या, एक काटेरी आणि एक गोलसर, यांच्या जोड्या लावण्याचा प्रयोग मांडला. २००१ मध्ये व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी तोच प्रकार 'बूबा' आणि 'किकी' या शब्दांनी केला. बहुतेक लोक गोल आकृतीला 'बूबा' म्हणतात, टोकदार आकृतीला 'किकी'. आकारावरून आपण स्वभाव ताडतो, एवढं यातून म्हणता येतं. गोल अक्षरामुळे बिस्किटं जास्त खपतात असा निष्कर्ष यातून कुणी काढला तर तो त्याच्या जबाबदारीवर.

बाजाराने मात्र प्रयोगांची वाट पाहिली नाही. जर्मनीतल्या फोक्सवागन कंपनीसाठी १९७९ साली 'व्हॅग राउंडेड' नावाचं गोल टोकांचं वळण तयार झालं. ऑडी आणि फोक्सवागनची विक्री-दुकानं एका छपराखाली आणताना दोघांपैकी कुणाचंच न वाटणारं अक्षर त्यांना हवं होतं. पुढे हेच वळण ॲपलच्या लॅपटॉपच्या कळांवर अनेक वर्षं होतं.

नऊ लिप्या, एक वजन

रेल्वे स्थानकाच्या किंवा सरकारी योजनेच्या पाटीवर दोन-तीन लिप्या शेजारी असतात. बऱ्याचदा त्यांतली एक ओरडते आणि दुसरी कुजबुजते. वजनाचा आकडा सगळ्यांना एकच दिलेला असतो, पण दिसायला त्या सारख्या नसतात.

कारण प्रत्येक लिपीची ठेवण वेगळी. गुजरातीला शिरोरेघ नाही, त्यामुळे देवनागरीतला एक अख्खा काळा पट्टा तिथे गायब. तमिळमध्ये काटकोन आणि आडव्या रेघा फार. मल्याळम म्हणजे वेटोळ्यांमागून वेटोळी. ओडियात प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर मोठी कमान आणि अक्षर ओळखायची खूण मात्र तिच्या खाली, छोट्याशा जागेत. तेलुगू-कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन खाली लटकतं. रेघेची जाडी सगळीकडे एकच ठेवली तर मल्याळम काळीकुट्ट दिसेल आणि गुजराती विरळ. म्हणून प्रत्येक लिपीत जाडी थोडी वेगळी धरावी लागते. हेतू असा की डोळे किलकिले करून पाहिलं, तर सगळ्या ओळींचा राखाडीपणा सारखा वाटावा. ही डोळे किलकिले करायची चाचणी टंकरेखाटनकार खरंच करतात. बालूतल्या वेगवेगळ्या लिप्या वेगवेगळ्या रेखाटनकारांनी केल्या. त्या लिपीत वाढलेला डोळा कुठे काय खुपतंय ते चटकन सांगतो.

याच संस्थेचा 'मोदक' नावाचा आणखी एक फॉन्ट आहे आणि तो जाडीच्या बाबतीत बालूलाही मागे टाकतो. त्यात पोकळी म्हणून उरते ती फक्त बारीक पांढरी रेघ. काळी अक्षरं जवळपास एकमेकांना चिकटलेली आणि वाचायचं ते त्या पांढऱ्या रेघांवरून. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचं हे काम. एका शब्दापुरता तो अफलातून आहे. दोन ओळी लिहिल्या तर वाचणाऱ्याला घाम फुटतो.

कुठे शोभतो, कुठे नाही

बालूसारख्या वळणाला शीर्षकाचं अक्षर म्हणतात, म्हणजे लांबून किंवा मोठ्या आकारात वाचायचं. मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, खाऊची वेष्टणं, मोबाइल ॲपमधली बटणं, व्हिडिओवर चिकटवलेली दोन-चार शब्दांची पट्टी, बालनाट्याची जाहिरात: इथे बालू घरच्यासारखा वावरतो. मजकुराला तो चालत नाही. दहा-बारा पॉइंटांत, विशेषतः छपाईत शाई थोडी पसरली की, ज्या पोकळ्या एवढ्या मिनतवारीने राखल्या त्याच आधी बुजतात. शिवाय सगळंच ठळक असलं तर नजरेला थांबायला जागा उरत नाही. मजकुरासाठी त्याच घरातला 'मुक्ता' घ्यावा. सडपातळ, साधा, सात वजनांचा. शीर्षकाला बालू आणि खाली मुक्ता ही जोडी सहसा फसत नाही. मथळा मात्र आधी जुळवून पाहावा, कारण रुंद अक्षरांमुळे एका ओळीचा मथळा हमखास दोन ओळींवर जातो.

सूर चुकण्याचा धोका याहून मोठा. चौकात एकदा 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स पाहिला, फोटोला हार, खाली शोकाकुल मंडळींची नावं आणि वरचं शीर्षक लाडू-पेढ्याच्या दुकानासारखं टम्म फुगलेलं. 'द्धां' अगदी स्वच्छ वाचता येत होतं, तांत्रिकदृष्ट्या नाव ठेवायला जागा नव्हती. हीच गत 'धोका' किंवा 'विजेचा दाब जास्त आहे' अशा पाट्यांची. अक्षर वाचलं जातं, पण सूचना लाडीगोडीची वाटते.

फॉन्ट निवडण्यापूर्वी त्याला अवघड शब्द घालावेत: 'उद्ध्वस्त', 'राष्ट्रीय', 'ऊर्ध्वं', 'तऱ्हा', 'ॲप'. शेवटचे दोन खास मराठीसाठी. 'ऱ्ह'मधला अर्धचंद्रासारखा 'र' आणि 'ॲ' हे अक्षर नसलेले फॉन्ट अजून भेटतात. 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतंत्र घरच २००८ साली मिळालं. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडली किंवा जोडाक्षर पाय मोडून सुटं झालं, तर फॉन्टला दोष देऊ नये. त्या सॉफ्टवेअरच्या टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडावा लागतो. जुन्या आवृत्त्यांत तो नसतोच.

बालू मुक्त परवान्याखाली आहे. फ्लेक्सवर, पुस्तकात, विकायच्या वस्तूवर तो वापरायला पैसे पडत नाहीत. नुसता फॉन्ट तेवढा विकता येत नाही. त्याच्या रेखाटनाच्या मूळ फायलीही इंटरनेटवर खुल्या आहेत. त्यातला एखादा 'ळ' किंवा 'ण' कुणाला पसंत नसेल, तर फाइल उघडून तो बदलावा. बदललेला फॉन्ट पुढे कुणाला द्यायचा असेल, तर तो त्याच परवान्याखाली द्यावा लागतो.